माहेरडोहाच्या वरच्या अंगाला

घरी सांगून निघालो ते असं, की जुन्या नोकरीच्या गावी चाललोय, वैनगंगा बघतो, जंगल बघतो, आठ दिवसांत परत येतो. यातलं गाव खरं होतं आणि नदी खरी होती. बघायला मात्र मी काहीच चाललो नव्हतो. मला एक माणूस शोधायचा होता. तो मेलेला निघाला तर बरं, असंही वाटेत दोनदा मनात येऊन गेलं. हे आधीच लिहून टाकतो.

गावाचं नाव इथे मी कोसमघाट ठेवतो. नकाशात शोधू नका. सव्वीस वर्षांपूर्वी तिथल्या मिलमध्ये मी पाळीचा केमिस्ट होतो. मिल जुनी, इंग्रजांच्या काळातली. आधी तिथे धान सडून तांदूळ काढायचे, पुढे धानाच्या तणसापासून, म्हणजे पेंढ्यापासून, पुठ्ठा करू लागले. तणस कॉस्टिकमध्ये शिजवलं की काळं, साबणासारखं बुळबुळीत पाणी उरतं. ते हौदात साठवायचं, नदीत सोडायचं नाही, असा नियम होता. एका मे महिन्यात, दुपारच्या पाळीला, हौद काठोकाठ आला. मशीन थांबवलं असतं तर वरच्यांना कळवावं लागलं असतं, बोलणी खावी लागली असती. मी चाक फिरवून झडप उघडली. मला तसं करायला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर इतकी वर्षं मी त्याच्यावर ढकलत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पाण्याचा नमुना तपासा म्हणून वरून सांगणं आलं. जवळपास प्रयोगशाळा आमचीच, त्यामुळे बाटली घेऊन मीच गेलो. आमचा नाला नदीला मिळतो त्याच्या बऱ्याच वरच्या अंगाला, जिथे मिलचं पाणी पोचणं शक्यच नव्हतं, तिथे ती बुडवली. 'पाणी स्वच्छ आहे, कारखान्याच्या सांडपाण्याचा अंश नाही' असं लिहून खाली सही केली. आठवड्याभरात कानावर आलं की ढिवरांपैकी, म्हणजे तिथल्या मासेमारांपैकी, सोमाजी नावाच्या माणसानं डोहात गेळफळाचं विष टाकलं होतं, तो धरला गेला, त्याला वाळीत टाकलं. मी ऐकून घेतलं. दोन महिन्यांनी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात लागलो आणि तिकडचाच झालो.

यंदा आमच्या कारखान्याची मळी ओढ्यात गेली. हाताखालची नवी केमिस्ट मुलगी रिकामी बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "सर, नमुना कुठून घेऊ?" तिनं साधं विचारलं होतं. मी म्हटलं, मासे मेलेत तिथून घे. ती गेली. त्याच आठवड्यात मी रजा टाकली.

कोसमघाट

नागभीडला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि उन्हानं डोळे उघडवत नव्हते. आमच्याकडचा वैशाख म्हणजे वळवाची वाट बघत घाम पुसणं. इथला वैशाख घामही राहू देत नाही. एसटीच्या खिडकीतून दिसणारं सागाचं रान कागदासारखं वाळलेलं, मधे मधे मोहाची तेवढी ताजी तांबूस पालवी, आणि रस्त्याकडेला झाडाखाली तेंदूच्या पानांच्या जुड्या बांधत बसलेली माणसं. शेजारच्या बाईंनी न विचारता पदरातली टेंभरं, तेंदूचीच फळं, माझ्या हातावर ठेवली. कोन गावचे जी, म्हणाल्या. सांगितलं तर म्हणाल्या, लय दूर, मग कोनाच्या घरी? टेंभराची बी चघळत बसलो.

कोसमघाटची वेस गोंडराजांच्या काळातली. दगडी कमान आहे, तिच्याखालून रस्ता सरळ घाटाच्या पायऱ्यांवर उतरतो. कमान होती तशी आहे. मिल नाही. चिमणी उभी आहे, तिच्या टोकाला पिंपळ उगवलाय. भिंतींच्या आत बेशरमाची झाडी माजलेली. मिल बंद पडल्याचं मला माहीत होतं, पण एवढी जागा एवढी गप्प असेल हे डोक्यात आलं नव्हतं. हौद कुठे होता ते शोधायला गेलो. तिथे कुणीतरी वांगी लावली होती. चांगली तरारलेली होती.

फाटकासमोर चहाची टपरी. टपरीवाला सत्तरीचा, दौलतभाऊ, मिलच्या बॉयलरवर होता. त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग एकदम गडबडीनं बाक पुसला. साहेब, तुमी तं लॅबवाले, म्हणाला. चहाचे पैसे घेईना. राहायला धर्मशाळेची खोली त्यानंच लावून दिली, जेवायचं लीलाबाईच्या खानावळीत सांगितलं. केव्हा जाऊ विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या भोंग्याले जा. मी चमकलो. मिल बंद होऊन पंधरा वर्षं झालीत, भोंगा कुठला? दौलतभाऊ हसला. गावात अजून वेळ भोंग्यावरच सांगतात. पहिला भोंगा म्हणजे सहा, दुसरा म्हणजे दोन. पोरं कामाला गेली पुण्याकडे, तिथून फोन करतात तेव्हाही आई विचारते, पयला भोंगा झाला का रे तुमच्याकडे. "कानात वाजते जी," तो म्हणाला. "गेला नाई अजून."

लीलाबाईची खानावळ म्हणजे घराची ओसरी. चार पाट, एक माठ, कोपऱ्यात लोखंडी पेटी. बाई पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक, बोलणं कमी. वहीत लिहायला नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. आमचं आडनाव तिकडे नाही. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मग त्यांनी ते लिहिलं, एकही चूक न करता, आणि ताट वाढलं. भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी, वर पुन्हा भात. भाकरी मिळेल का विचारलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली. आजारी हाय का जी, म्हणाल्या. तिकडे तापातून उठलेल्यालाच भाकर घालत असावेत.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. नदीकाठचं ढिवराचं घर, आणि अंगणात जाळं नाही, चुलीवर मासोळी नाही.

दुसऱ्या दिवशी, वाळूत

वैशाखात वैनगंगा नदी राहत नाही. नजर पोचेल तिथपर्यंत वाळू, तिच्यात पाण्याच्या दोन-तीन बारीक धारा, आणि मागे राहिलेली डबरी. घाटाच्या खाली, खडकाच्या वळणात, तेवढा एक डोह कधी आटत नाही. त्याला माहेरडोह म्हणतात. होळी झाली की पाऊस पडेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकत नाही, गळही नाही. उन्हाळ्यात मासोळ्या तिथे माहेरपणाला येतात, अशी समजूत. माहेरी आलेल्या लेकीवर हात टाकायचा नसतो. नोकरीत असताना हे ऐकून मी हसलो होतो. त्या डोहाच्या वरच नाला होता आमचा.

सकाळी पहिल्या भोंग्याच्या सुमाराला घाट उतरलो. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं, ते सव्वीस वर्षांपूर्वीही होतं. सरळ पाण्यात बसलो, चष्मा गेला. वर धुणं धूत होत्या त्या बाया तोंडाला पदर लावून वळल्या. कुणीतरी माझ्या हातात चष्मा दिला. म्हातारा होता. काळा, वाळका, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर तांब्याचा गुंड, गुंडावर ओलं फडकं.

"नदी जुनीच हाय साहेब," तो म्हणाला. "पाय नवे झाले तुमचे."

गुंडात पाणी होतं आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं. तो डोहाच्या कडेला बसला, गुंड तिरका केला, पाण्यातच हळूहळू रिकामा केला. बोटाएवढी शिंगूरं, झिंगे, एक मरळीचं पिल्लू. आटत्या डबऱ्यात अडकलेली ती गोळा करून तो डोहात आणून सोडत होता. पुढचं डबरं पाव कोसावर. मी त्याच्याबरोबर चालू लागलो. दोन-तीन खेपांत ऊन वर आलं. तुम्ही हे कधीपासून करता, विचारलं.

"तुमी मिलचे होते का जी? दौलत सांगत होता. मंग तुम्हाले मालूम असन. मी सोमाजी. माहेरात गेळ टाकनारा."

माणूस घराचा पत्ता सांगतो तसं सांगितलं त्यानं. मी वाळूत उभा राहिलो. पाय चटचट भाजत होते ते मला नंतर कळलं.

मी कशाबशा काढलेल्या सव्वीस वर्षांत या माणसाशी मनात हजारदा बोललो होतो. त्या प्रत्येक बोलण्यात तो निर्दोष होता आणि त्याला ते माहीत होतं. तो माझ्यावर ओरडायचा. कधी मारायचा. मी तयारी त्याची करून गेलो होतो.

मी म्हटलं, तुम्हाला खोटंच धरलं होतं ना?

"मले कोनी नाई धरलं. मीच टोपलं नेऊन पायरीवर ठेवलं."

मग चालता चालता त्यानं सांगितलं. लीला, म्हणजे खानावळीच्या लीलाबाई, त्याची एकुलती. तिला पाहायला पाहुणे आले होते आणि नदीत त्या दिवसांत काहीच लागत नव्हतं. ढिवराच्या घरी पाहुण्याच्या ताटात मासोळी नाही, यासारखी लाज नाही. दुपारी त्यानं टोपलंभर गेळफळं कुटली आणि माहेरडोहाच्या एका कोपऱ्यात टाकली. दोन मरळी मिळाल्या. पाहुणे पोटभर जेवले, सोयरीक ठरली. सकाळी बघतो तर अख्खी नदी मेलेली.

मला गेळ माहीत आहे. पुस्तकातूनही आणि त्या भागात राहिल्यामुळेही. गेळानं मासा मरतो का, मी विचारलं.

"मरत नाई जी. भोवळ येते त्याले. चांगल्या पान्यात सोडला का उठते. आमचे आजे-पंजे टाकत आले, पन डबऱ्यात. मी माहेरात टाकलं. तिथी देवानं त्याइले उठू नाई देल्लं." तो थांबला, डोक्यावरचा गुंड नीट केला. "एवढं मोठं पाप एवढ्याशा टोपल्यात मावते, मले मालूम नोतं."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. निघालं ते असं, की द्या, जरा वेळ गुंड मी घेतो.

पुढचे तीन दिवस

या तीन दिवसांबद्दल मला कौतुकानं लिहिता येण्याजोगं पुष्कळ आहे आणि ते लिहायची लाज वाटते. रोज सकाळी मी सोमाजीभाऊंबरोबर डबरी पालथी घातली. ओंजळीत शिंगूर कसं धरायचं, म्हणजे काटा लागत नाही, ते शिकलो. आधी लागला, अंगठा भप्प सुजला. त्यांनी कसलासा पाला चोळून बांधला. गुंडात पाणी किती ठेवायचं, फडकं कुठे ओलं करायचं, मासोळ्या सोडताना गुंड उंच का धरायचा नाही. "माहेरी आनून आपटायचं नसते," म्हणाले. आमच्याकडे कृष्णेत मासे मेले की लोक आधी ते खायचे की नाही यावर वाद घालतात. जिवंत माशाला डोक्यावर घेऊन चालणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

सोमाजीभाऊंनी तेव्हापासून जाळं हातात धरलेलं नाही. समाजानं तीन वर्षांचं बंधन घातलं होतं. ते संपलं. त्यांनी स्वतःचं संपवलं नाही. ढिवराचा माणूस लोकांच्या धानात रोवणीला गेला, विटा वाहिल्या, आणि उन्हाळा आला की गुंड घेऊन नदीत. घरात मासोळी शिजत नाही ती म्हणून.

गावात आमची चेष्टा सुरू झाली. बुढ्याले चेला भेटला, दौलतभाऊ टपरीवरून म्हणायचा. घाटावरच्या एका आजींनी सोमाजीभाऊंना विचारलं, का गा सोमाजी, पगारी मानूस ठेवला का? ते म्हणाले, पगारी नाई बाई, शिकाऊ हाय, अंगठा फोडून घेते. सगळा घाट हसला, मीही हसलो. एवढा हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो आणि त्याच हलकेपणाची मला रात्री अंथरुणात किळस यायची. ज्याचं आयुष्य मी बुडवलं त्याच्याकडून मी सुट्टी घेत होतो.

त्यातल्या शेवटच्या दिवशी दुपारी ओसरीवर मी एकटाच जेवायला होतो. लीलाबाईंनी भात वाढला आणि भांडं घेऊन उभ्याच राहिल्या.

"साहेब, काऊन आले तुमी?"

मी म्हटलं, सहज, जुनं गाव.

त्यांनी भांडं खाली ठेवलं. पेटी उघडली, तळाशी हात घातला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. घड्यांवर पिवळा पडलेला. खाली सही होती. माझी.

"हा तुमचाच कागद ना? नाव सांगतलं तवाच वळखलं मी."

त्या बोलू लागल्या आणि आवाज एकदाही चढवला नाही. तो कागद आला तेव्हा सगळा समाज घाटावर जमला होता. त्यांच्यात रीत अशी की ज्याचा दोष, त्यानं शेवटच्या पायरीवर पाण्यात उभं राहायचं, डोहाकडे तोंड करून सांगायचं, बाकीच्यांनी वर बसून ऐकायचं. सोमाजी पाण्यात उभा होता. तरीही काही लोक म्हणत होते, टोपलंभर गेळानं नदी मरत नाही, पाणी काळं दिसत होतं, मिलचंच असेल. कागदात काय आहे ते वाचायला कुणी नीट वाचणारं हवं होतं. लीला सातवी पास होती. तिला उभं केलं.

"मीच वाचलं, साहेब. 'पाणी स्वच्छ आहे.' शाळेत वाचते तसं मोठ्यानं. वाचून झालं, तं सगळे गप झाले. बाबानं मान हलवली, जसं का मी बरोबर वाचलं. पाहुन्याइनं सोयरीक मोडली. माहेरात विष टाकनाराची पोरगी कोन नेते घरी?" पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, "मंग कोनी आलंच नाई."

मग मी सांगितलं. हौद, चाक, नाला, बाटली. सगळं मिळून पाच वाक्यं झाली असतील. या पाच वाक्यांना मला सव्वीस वर्षं लागली.

मला वाटलं ताट उचलून फेकतील. त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"याच्याच मागं लिवा."

मी लिहू लागलो. 'माझ्या हातून चूक झाली' एवढं लिहिलं तेवढ्यात त्यांचं बोट कागदावर आलं.

"चूक झाली असं नोका लिवू. का केलं ते लिवा."

ते खोडलं. मग लिहिलं: मी झडप उघडली. मिलचं काळं पाणी नदीत सोडलं. मासे त्यानं मेले, गेळानं मेले नाहीत. मी बाटली नाल्याच्या वरच्या अंगाला बुडवली, कारण खाली बुडवली असती तर मी सापडलो असतो. खाली सही केली. एकाच कागदाच्या दोन बाजूंना माझी सही आली.

घाटावर

बोलावणं लीलाबाईंनीच फिरवलं. ऊन उतरल्यावर घाटाच्या पायऱ्या भरल्या. बहुतेकांना वाटलं मासेमारी सोसायटीचं काही असेल. सोमाजीभाऊ मधल्या पायरीवर गुंड घासत बसले होते. मी चपला काढल्या आणि शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरलो. शेवाळावरून पाय घसरला, पण या वेळी कुणी हसलं नाही. तिथे उभं राहण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

लीलाबाई उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. सातवीतल्या मुलीसारखं, शब्द सुटा सुटा करून, मोठ्यानं. माझं तोंड डोहाकडे होतं, त्यामुळे मला कुणाचे चेहरे दिसत नव्हते. 'मी सापडलो असतो' इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. त्या थांबल्या, ते वाक्य परत पहिल्यापासून वाचलं.

मग मागून कुणीतरी चपला काढल्याचा आवाज आला, पायऱ्या उतरल्याचा, आणि माझ्या शेजारी पाण्यात एक माणूस येऊन उभा राहिला. बघतो तर दौलतभाऊ.

"चाक फिरतानी म्या पाह्यलं होतं," तो डोहाला म्हणाला. "याच घाटावर बसून कागद ऐकला. ढिवराचाच हाओ मी. पोरं लहान होते. बोललो नाई."

फुकटचा चहा, बाक पुसणं, धर्मशाळेची खोली. मी इतकी वर्षं समजत होतो की ही गोष्ट जगात मला एकट्यालाच माहीत आहे. पायऱ्यांवर कुजबुज झाली, एक बाई दौलतभाऊंच्या नावानं रडू लागली. ती त्यांची बायको होती. आणि मी मागे वळून पाहिलं, तेव्हा आणखी दोन म्हातारे मान खाली घालून बसलेले दिसले. ते उतरून आले नाहीत. मी त्यांना ओळखत होतो, दोघेही मिलचेच.

सोमाजीभाऊ अजून बसलेलेच होते. हातात राखेचा बोळा तसाच.

"म्हंजे गेळानं नाई मेल्या?"

"नाही."

"एकही नाई?"

"एकही नाही, भाऊ."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तळहात, मग वरची बाजू, मग परत तळहात. दुसऱ्या कुणाचे तरी आपल्याकडे राहून गेलेत असं बघतात तसं. आता हा माणूस उठेल, आता माझ्या तोंडात मारेल, असं मला वाटत होतं आणि ते व्हावं असंही वाटत होतं. ते उठले. लीलाबाईंच्या खांद्याचा आधार घेतला.

"घरी चाल बाई," म्हणाले.

दोघं कमानीखालून निघून गेली. घासायचा गुंड पायरीवरच राहिला. दौलतभाऊ आणि मी किती वेळ पाण्यात उभे होतो, सांगता येत नाही. बाहेर या, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही.

निघतानाची सकाळ

सकाळी पिशवी भरून खानावळीवर गेलो. हिशेब देऊन निघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर काहीतरी ऐकायचं होतं. शिवी चालली असती. कुडाच्या बाहेरच वास आला. तिखटातल्या झिंग्यांचा, वर थोडा जवसाचा खमंगपणा. दारात लीलाबाई आल्या. डोळे सुजलेले, कपाळावर चुलीची राख.

"खानावळ बंद हाय आज," म्हणाल्या. "घरचं जेवन हाय."

पैसे पुढे केले ते त्यांनी मोजून घेतले, एक रुपया परत दिला. माझ्या हाताला हात लागू न देता. मी वळलो. मला त्या जेवणाला थांब म्हणाल्या असत्या तर मी मेल्याहून मेलो असतो, आणि थांबलोही असतो. त्यांनी म्हटलं नाही. त्यांना बरोबर कळलं होतं.

एसटी कमानीपाशी थांबते, पण माझे पाय नदीकडे वळले. वाळू अजून थंड होती. लांब, खडकाच्या पलीकडे, एक काळी आकृती वाकलेली दिसली. डोक्यावर गुंड नव्हता, बाजूला ठेवलेला. जवळ गेलो. सोमाजीभाऊ गुडघाभर चिखलात बसून ओंजळीनं पाणी उपसत होते.

मला खरंच कळेना. रात्रभर मी विचार करत होतो की आता हा माणूस सव्वीस वर्षांचं काय करेल. जाळं काढेल, रडेल, गाव सोडेल. पण तो आज इथे असेल, हे त्यात कुठेही नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, आता कशाला? तुमचा काही दोषच नव्हता.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"पानी आटून राह्यलं ना," म्हणाले.

एक शिंगूर त्यांच्या ओंजळीतून निसटलं, चिखलात उड्या मारू लागलं. माझ्या पायाशीच आलं. मी वाकून धरलं, काटा चुकवून. ते गुंडात सोडलं. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"गाडी किती वाजता तुमची?"

मी म्हटलं, दहाला.

त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग डोहाकडे. गुंडावर ओलं फडकं टाकलं आणि गुंड माझ्याकडे सरकवला.

"मंग एक खेप होते."